तिसऱ्या फेरीत अडलं

९ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार, कुशल, कळावे वगैरे मधे मधे टाकत जाईन, तू वेचून घे. माझं पत्र बघून दचकला असशील. तीन वर्षांत माझी तीन कार्डं गेली तुम्हाला, त्यातलं एक तर चुकून शेजाऱ्यांच्या पत्त्यावर. फोनच करणार होतो, पण घरचा फोन काका उचलतात आणि माझा ‘हॅलो’ ऐकला की ठेवतात. दुसऱ्यांदा मी काही बोललोच नाही, नुसता श्वास घेतला, तरी ओळखलं त्यांनी.

तर बातमी. मी एका जागी टिकलोय. हसू नकोस. मधल्या काळात गोदामात पोती मोजली, एका पुलाला रंग दिला, एका फोटोग्राफरचे दिवे धरले आणि एका जनावरांच्या डॉक्टरकडे कुत्री धरली. कुत्री बरी होती, फोटोग्राफर चावायचा. आता मोज्यांच्या कारखान्यात आहे. आणि इथली यंत्रं कुठली असावीत? काकांनी आयुष्यभर ज्यांच्या पोटात हात घातला तीच! तशीच हिरवी, गोल, चौऱ्याऐंशी सुयांची, सुरू होताना तशीच शिंकणारी. दारातून आत आलो आणि डोळ्यांत पाणी आलं. थोडं तेलाच्या वासानेही असेल.

मालकीणबाईंकडे यंत्रं चार आहेत, पण नक्षी काढणारा म्हातारा कारागीर गेल्या वर्षी वारला. तेव्हापासून मोजे निघतात ते सगळे राखाडी. मी म्हटलं, “बाई, या यंत्रांना नक्षी शिकवणारा कंपायलर माझ्या काकांनी स्वतः लिहिलाय.” त्या म्हणाल्या, “तो काय असतो?” मी म्हटलं, “दुभाषा. आपण आपल्या शब्दांत लिहायचं, लाल दहा टाके, मग पांढरे दोन. तो ते सुयांना कळेल अशा आकड्यांत करून देतो.” बाई म्हणाल्या, “आण मग. महिन्याभरात जमलं तर नक्षीचं खातं तुझं. नाही जमलं तर खोकी उचलायला माणूस लागतोच.”

उचलायला! नेमका तोच शब्द, दादा.

तू होतास ना तेव्हा खोलीत. काकांनी मला त्यांच्या सोर्समधून, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या मूळ ओळींमधून, चालता कंपायलर बांधायला सांगितला होता आणि मी तुझ्या टेबलावरचा बांधून तयार असलेला उचलून ‘मी बांधला’ म्हणून पुढे केला होता. त्यांनी मिनिटभरात ओळखलं. ओरडले असते तर परवडलं असतं. चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “तू बांधणारा नाहीस. तू उचलणारा आहेस.” दुसऱ्या दिवशी मी पिशवी उचलली. (बघ, उचललीच.) मी जिथे जातो तिथे ते वाक्य येतं, बुटातल्या खड्यासारखं. बाप पळून गेल्यावर ज्या माणसाने मला वाढवलं त्याने काढलेली किंमत ती. मला घरात खोली नको, कोणी जेवायला थांबायला नको. ते एवढं एक वाक्य त्यांनी परत घ्यायला हवंय. कंपायलर माझ्या हाताने बांधला, त्यावर मोजा विणला आणि पाठवला, तर घेतील ना रे?

सोर्स पाठव. त्यांना विचारून. चोरून नको.

तुझा,
भिंगरी
(हे नाव इथेही पडलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं.)

*

२२ फेब्रुवारी

भिंगरीस,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलेलं नाही. पत्ता मात्र या वेळी आमचाच होता.

बाबांना विचारलं. आधी म्हणाले, “कोण?” तासाभराने स्वतःच विषय काढला. “सोर्स देईन. तयार पॅकेज देणार नाही. स्वतः बांधायचा, तिन्ही फेऱ्या, आणि बांधून झाला की मला कळवायचं.” आई म्हणाली, “एवढं करताय तर बोलवा ना पोराला.” त्यावर म्हणाले, “त्याला ये म्हणणार नाही, ना तोंडाने, ना पत्राने. तुझ्याच समोर शपथ घेतली आहे.” नंतर आठवडाभर खोलीचं दार लावून जुन्या कॉम्प्युटरपुढे बसले होते. काय करताय म्हटलं तर म्हणाले, “सोर्स झाडून-पुसून देतोय.” त्यांचा घसा बसला आहे, आवाज फुटक्या भोंग्यासारखा येतो. बाकी ठीक.

सीडी सोबत आहे. विसरला असशील म्हणून लिहितो. कंपायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला आहे, त्यामुळे तो बांधायला आधी एक कंपायलर लागतो. बाबा त्याला विरजण म्हणतात. दही लावायला थोडं दही लागतं, तसं. ते त्या नावाच्या फोल्डरमध्ये आहे. पहिल्या फेरीत विरजणाने सोर्स बांधायचा. त्यातून जो कंपायलर निघेल त्याने दुसऱ्या फेरीत पुन्हा तोच सोर्स बांधायचा. त्यातून निघेल त्याने तिसऱ्या फेरीत. दुसरा आणि तिसरा अक्षर न् अक्षर सारखे आले तर बांधणी पक्की. नाही आले तर सोर्स उघडून कुठे बिनसलं ते शोधायचं. सोर्समध्ये बाबांचे शेरे आहेत जागोजागी. ते माणसासाठी. यंत्र त्या ओळी वगळून पुढे जातं, बांधून झालेल्या पॅकेजमध्ये त्यांचा मागमूस राहत नाही.

तुमच्याकडच्या कॉम्प्युटरचं वय पाहता एकेका फेरीला पाच-सहा तास लागतील. तुझा धीर मला माहीत आहे. म्हणून ‘तयार’ नावाचं एक फोल्डर मी माझ्यातर्फे टाकलं आहे. मी मागच्या वर्षी बांधलेलं पॅकेज. इन्स्टॉल केलं की दहा मिनिटांत चालू. अगदीच अडलास तर. बाबांना माहीत नाही.

दादा

*

६ मार्च

दादा, तू देवमाणूस आहेस. हे पत्र वाचून झालं की फाड.

आधी खरं सांगतो, मी बांधायलाच बसलो होतो. सकाळी सातला पहिली फेरी लावली. पडद्यावर नुसते ठिपके, एकामागून एक, मुंग्यांच्या मयतीसारखे. समोरच्या दुकानाची पाटी उतरवत होते, एकेक अक्षर माणसाएवढं. मी खिडकीतून बघत होतो. मग शिडी धरायला खाली गेलो. मग एक अक्षर खांद्यावर घेऊन दोन गल्ल्या पलीकडे गेलो, तिथे त्या पाटीवाल्याची बहीण चिनी मातीच्या बशांना चिकटवून नव्या करते, फुटल्याची रेघ दिसत नाही, दादा, मी बोट फिरवून पाहिलं. परत आलो तर झाडलोट करणाऱ्या मावशींनी पंखा लावायला कॉम्प्युटरचा प्लग काढलेला. फेरी गेली.

दुसऱ्या दिवशी हललो नाही. पहिली झाली. तिसऱ्या दिवशी दुसरी निम्म्यावर आली आणि मालकीणबाई दारात. “शनिवारी गिऱ्हाईक येतंय. नमुना दाखव नाहीतर ये खाली, खोकी आहेत.” ठिपके बघितले. बाईंकडे बघितलं. तुझं फोल्डर उघडलं.

दहा मिनिटं, दादा! आणि यंत्रातून लाल-पांढऱ्या नागमोडीचा मोजा उतरला. चारही यंत्रांवरच्या बाया गोळा झाल्या. बाईंनी तो हातात घालून बाहुलीसारखा बोलता केला: “नक्षीचं खातं तुझं बरं का.”

आता काकांचं. त्यांना सांगू नकोस मी तयार उचललं ते. शपथ घाल. नंतर वेळ मिळाला की मी बांधणारच आहे, मग ते खोटं राहणार नाही, जरा आधी सांगितलेलं खरं होईल इतकंच. पण त्यांना लिहू काय? तू इतक्या वेळा बांधलायस. बांधणारा माणूस काय लिहील?

भिंगरी

*

१४ मार्च

भिंगरीस,

सांगू नकोस म्हणालास, सांगणार नाही. शब्द दिला.

‘सगळं सुरळीत झालं’ असं लिहू नकोस. बांधणाऱ्याचं कधीच सगळं सुरळीत होत नाही. पहिली फेरी लांबली असं लिही. दुसरी बरी गेली. तिसऱ्या फेरीत अडलं. दुसरा आणि तिसरा जुळेना, मग सोर्स उघडला, ती ओळ सापडली, वाचली, आणि करायचं ते केलं. कुठली ओळ ते लिहू नकोस. ज्याने लिहिलाय त्याला सांगावं लागत नाही. एवढ्यावर बाबांची खात्री पटेल.

लवकर लिही. बाबा हल्ली टपालाची वाट बघतात.

मोज्याबद्दल अभिनंदन.

दादा

*

१९ मार्च

तीर्थरूप काकांना भिंगरीचा नमस्कार. पायांपर्यंत पोचला असं समजावं.

काका, बांधला. पहिली फेरी फार लांबली, मधे वीज गेली, पुन्हा लावली. दुसरी बरी गेली. तिसऱ्या फेरीत अडलं. दुसरा आणि तिसरा जुळेचना. घाम फुटला. मग सोर्स उघडला आणि शोधत शोधत ती ओळ सापडली. वाचली. दोनदा वाचली. मग करायचं ते केलं आणि पुढे गेलो. तुमचे शेरे सोबतीला होते. ओळ न् ओळ वाचली, काका.

सोबत मोजा आहे. एकच आहे, जोडीचा मी ठेवलाय. नागमोडी नीट बघा, कुठे टाका सुटलेला नाही.

इथे नक्षीचं सगळं खातं माझ्याकडे आलंय, त्यामुळे जून-जुलैपर्यंत तरी माझं कुठे हलणं होणार नाही. तुम्हाला मला काही सांगायचं असलंच तर लिहून पाठवा. मी वाट बघतो.

तुमचा,
भिंगरी

*

२ मे

भिंगरीस,

तुझं पत्र बाबांनी स्वतः उघडलं. वाचून घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं. मोजा हातात घालून उलटसुलट पाहिला, टाके मोजले. “तिसऱ्या फेरीपर्यंत पोचला,” म्हणाले. तुझं ‘लिहून पाठवा’ हे वाक्य आईला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. त्यानंतर महिनाभर रोज रस्त्याकडच्या खिडकीत बसत होते. आता बसत नाहीत.

२६ एप्रिलपासून बाबा बोलत नाहीत.

दादा

*

११ मे

दादा,

बोलत नाहीत म्हणजे काय! मी मोजा पाठवला, नमस्कार पाठवला, आयुष्यात पहिल्यांदा एका पत्रात एकही कुत्रं येऊ दिलं नाही, आणि वर अबोला? काय चुकलं त्यात? काकांचा हात धरणारा अबोल्यात कोणी जन्माला यायचाय. मागे मी त्यांचा पाना हरवला तेव्हा अकरा दिवस बोलले नव्हते, आठवतं? मीठ हवं तरी बोट दाखवायचे.

माझ्याशी बोलत नाहीत की सगळ्यांशीच?

मला तर वाटलं होतं वाक्य परत आलं. माझ्या आशेवर चांगलं विरजण घातलं त्यांनी. असू दे. मलाही गप्प बसता येतं.

भिंगरी

*

२० मे

सगळ्यांशीच.

दादा

*

३ ऑक्टोबर

दादा,

गप्प बसायचं म्हणालो होतो, जमलं की नाही? साडेचार महिने! काकांचा अबोला सुटला का? सुटला नसेल तर आता तो वयात आला म्हणायचा, त्याचं लग्न लावून टाका.

इथे मजा आहे. बशा चिकटवणारीकडे जाऊन मीही शिकलो थोडं. माझी रेघ दिसते. ती म्हणते, “तू घाईत दाबतोस.” ते जाऊ दे. कामाचं बोलतो. मालकीणबाईंनी नवी दोन यंत्रं आणली आहेत, बारीक विणीची, एकशे अडुसष्ट सुयांची. आणि तुझं पॅकेज चौऱ्याऐंशीच्या पुढे मोजतच नाही! अर्धा मोजा नक्षीचा आणि अर्धा कोरा निघतो, झोपेतून उठवल्यासारखा. सुयांचा आकडा तेवढा बदल आणि नवीन पॅकेज बांधून पाठव ना. तुझं दोन दिवसांचं काम. दिवाणखान्यात बसल्या बसल्या होईल.

भिंगरी

*

१४ ऑक्टोबर

भिंगरीस,

या वेळी पाठवत नाही. सुयांचा आकडा सोर्समध्ये चाळिसाव्या ओळीवर आहे. बदल आणि बांध. विरजण सीडीवर आहेच.

तिसऱ्या फेरीत अडलं तर गोंधळू नकोस. मागेही अडलं होतं ना तुला.

दादा

*

२ नोव्हेंबर

दादा,

बांधला. चार दिवस खुर्चीवरून उठलो नाही. बाईंना म्हटलं, खोकी उचलायला लावा हवं तर नंतर, पण हे होऊ द्या. प्लगवर चिठ्ठी चिकटवली. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली.

तिसऱ्या फेरीत अडलं.

दुसरा आणि तिसरा जुळेना. सगळ्या कंपायलरमध्ये एका आकड्याचा फरक. तो कुठून येतो ते शोधायला सोर्स उघडला. दीड दिवस लागला. ओळ अकरा हजार दोनशे सहा. तिच्या डोक्यावर शेरा आहे. तो मी जसाच्या तसा उतरवतोय:

‘भिंगरी, इथे अडलास म्हणजे बांधतोयस. खालची ओळ मी मुद्दाम घातली आहे. ती फेरीचा आकडा कंपायलरमध्ये लिहिते, म्हणून दुसरा आणि तिसरा जुळत नाहीत. ती पुसलीस की जुळतील. तुला ये म्हणणार नाही अशी माझी शपथ आहे, ना तोंडाने, ना पत्राने. शेऱ्याने नाही असं मी म्हटलेलं नाही. ये. माझ्या घशात गाठ आहे. २६ एप्रिलला काढणार, तिच्याबरोबर आवाजही जाणार. त्याच्या आत ये. तुला एक वाक्य बोललो होतो. तोंडाने बोललेलं कागदावर परत घेता येत नाही, तोंडानेच घ्यावं लागतं. आवाज आहे तोवर घेतो. आला नाहीस तर तुला ते परत नकोय असं समजेन.’

दादा, तुला माहीत होतं का? तू सीडी टाकलीस तेव्हा माहीत होतं का? ‘तिसऱ्या फेरीत अडलं असं लिही’ म्हणालास तेव्हा माहीत होतं का? ‘बोलत नाहीत’ म्हणालास तेव्हा तर माहीतच होतं. मी अबोल्यावर विनोद केले. लग्न लावा म्हणालो. मी त्यांना ‘लिहून पाठवा’ म्हणालो, दादा. ‘ओळ न् ओळ वाचली’ म्हणालो.

माहीत होतं का तुला?

भिंगरी

*

१२ नोव्हेंबर

भिंगरीस,

पत्र मिळालं. तुझ्या पत्रात पहिल्यांदाच कुत्री, पाट्या, बशा काही नव्हतं. एका विषयावर राहता येतं तर तुला.

हो, माहीत होतं. सीडी पोस्टात टाकायचं काम माझ्याकडे होतं. घरातून बाहेर जाणारी प्रत्येक बांधणी मी आधी तपासतो, पंधरा वर्षांची सवय आहे. तिसऱ्या फेरीत अडलं. ओळ सापडली. वाचली.

आता मी काय केलं नाही ते सांगतो. ओळ पुसली नाही. शेऱ्याला हात लावला नाही. सीडी उशिरा टाकली नाही. सोर्स पाठवला, विरजण पाठवलं, फेऱ्या कशा करायच्या ते लहान मुलाला सांगावं तसं लिहून पाठवलं. एक फोल्डर जास्तीचं टाकलं, इतकंच, आणि ‘अगदीच अडलास तर’ असं बजावलं. उचललंस तू. ‘सांगू नकोस’ म्हणालास तू. काय लिहू असं विचारलंस तू. मी शब्द पाळला. दवाखान्यात बाबांना आत नेत होते तेव्हा त्यांनी दाराकडे पाहिलं आणि मला विचारलं, “त्याने वाचलं होतं ना रे?” ते त्यांचं शेवटचं बोलणं. तेव्हाही मी तुला दिलेला शब्द मोडला नाही. म्हटलं, “तसं लिहिलंय त्याने, बाबा.” यात खोटं काही नाही. ‘बाबा बोलत नाहीत’ यातही नव्हतं. अबोला तू वाचलास.

का केलं, हे तू विचारलेलं नाहीस. तुला सुचलं नाही. तरी सांगतो. त्या सोर्सच्या सोळा हजार ओळी मी तीनदा वाचल्या आहेत. अकरा वेळा तो बांधला आहे, एकदाही तयार घेतला नाही. एक दिवस घर सोडलं नाही. बाबांचे सातशेच्या वर शेरे आहेत त्यात. जुन्या यंत्रांबद्दल आहेत, एका फुटलेल्या चहाच्या कपाबद्दलही आहे. माझ्याबद्दल एक आहे. ओळ तीन हजार अकरा. ‘थोरल्याकडून तपासून घेतले.’ पूर्णविराम. आणि तू माझं उचलून पळून जातोस, तर तुझ्यासाठी माणूस फुटक्या घशाने आठवडाभर दार लावून बसतो.

तीन वर्षांपूर्वी उचललंस तेही माझंच होतं. या वेळी निदान मी हाताने दिलं.

दुसरा आणि तिसरा जुळले का, ते कळवलं नाहीस.

दादा

*

१८ नोव्हेंबर

काका,

हे पत्र दादाच्या हाती न पडता थेट तुम्हाला मिळावं म्हणून काकूच्या नावावर टाकतोय.

मार्चमध्ये मी जे लिहिलं ते सगळं खोटं होतं. मी बांधला नव्हता. सीडीवर दादाने स्वतः बांधलेलं पॅकेज टाकलं होतं, ते मी उचललं. ती ओळ मी वाचलीच नव्हती. शेरा आहे हेच मला माहीत नव्हतं. तुमचा घसा नुसता बसलाय असं मला वाटत होतं. दादाला सगळं माहीत होतं, तिसऱ्या फेरीत अडलं असं लिही हेही त्यानेच सुचवलं. पण लिहिलं मी.

वाचली असती तर आलो असतो, काका. पायी आलो असतो. तुम्हाला न येणारा भिंगरी वाटला तो मी नव्हे. एवढंच तुम्हाला कळावं म्हणून लिहितोय. मला ते वाक्य परत हवं होतं. अजून हवंय. तोंडाने नाही तर कागदावर द्या, कागदावरचं मला चालेल. हाताच्या खुणेने दिलंत तरी मी घेईन.

आता खरंच बांधलाय. दुसरा आणि तिसरा जुळले. ओळ पुसली, शेरा तेवढा ठेवलाय.

तुम्ही ये म्हणालात की निघतो.

भिंगरी

*

३० नोव्हेंबर

पत्र मिळालं.

मोजा माझ्या खिशात असतो. टाके सुबक आहेत. ते यंत्राचे.

सात महिने मी असं धरून चाललो की तू ओळ वाचलीस आणि आला नाहीस. राग होता. रागाच्या खाली बरंही वाटत होतं. पोरगं तिसऱ्या फेरीपर्यंत पोचलं, मला नको म्हणालं, पण बांधून म्हणालं. नको म्हणायचा हक्क बांधणाऱ्याला असतो. दवाखान्यातून घरी आल्यावर, लिहून बोलायच्या पाटीवर पहिलं काही लिहिलं असेल तर ते तुझ्या काकूसाठी लिहिलं: ‘भिंगरीला बोललो ते माझं चुकलं.’ काकूने पाटी पुसू दिली नाही. माझ्यासाठी दुसरी आणली. ती पाटी सात महिने फळीवर होती. तू मागतोयस ते तुला तेव्हाच मिळालं होतं. बांधून नको म्हणणारा म्हणूनच मिळालं होतं.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मी उठून ती पाटी पुसली.

आता बांधला म्हणतोस. असेल. मी ये म्हणत नाही.

थोरल्याने वाईट केलं. पण स्वतः बांधून केलं.

काका